आधीची घाण

सार्वजनिक आरोग्याच्या पदवीला प्रवेश हवा असेल तर उमेदवार विज्ञान शाखेचा, अंगाने धडधाकट आणि आपल्या गल्लीत स्वच्छतेची सुधारणा घडवून आणणारा असावा, अशा नागपूरच्या त्या कॉलेजच्या अटी होत्या. साल होतं चौऱ्याऐंशी. या सगळ्या अटींत बसणारी उर्मिला ही पांढुर्ण्यातली एकमेव मुलगी होती, असं निदान उर्मिलेचं मत होतं.

अटी वाचल्याबरोबर तिने खराटा उचलला. दारोदार भाषणं ठोकली. शेजारच्या कलाबाई नालीत राख टाकायच्या. त्यांना तर जंतूंविषयी इतकं सुनावलं, की त्या बिचाऱ्या राखेची पाटी घेऊन गावाबाहेर जाऊ लागल्या. गल्ली लखलखली. मग उर्मिलेने मोठ्या ऐटीत आरोग्य निरीक्षक वसंतरावांना दाखला द्यायला बोलावलं.

वसंतरावांनी गल्ली न्याहाळली आणि त्यांचा चेहरा पडला.

"आधीची घाण कुठे आहे?"

"काढली न साहेब! मीच काढली!"

"पाहणी व्हायच्या आत? सुधारणा मोजायची तर आधी बिघाड नोंदवावा लागतो. नियमाप्रमाणे ही गल्ली पहिल्यापासूनच स्वच्छ आहे, म्हणजे तुम्ही काहीच केलेलं नाही. मंगळवारी परत येतो. घाण तयार ठेवा."

दाखला नाही तर कॉलेज नाही, आणि कॉलेज नाही तर बाबांनी सौंसरचं स्थळ हेरूनच ठेवलं होतं. उर्मिला कलाबाईंसमोर हात जोडून उभी राहिली.

"काकू, थोडा कचरा टाका न दारात."

"काऊन वं? परवा तं राखेपायी गल्लीभर बोंबलून राहिली होती! आता आमाले वळण लागलं. आमी नाई टाकत."

"माझ्या शिक्षणासाठी, काकू!"

"शिकून असं होते काय वं, माय?"

शेवटी उर्मिलेने संत्र्यांच्या मंडीतून सडक्या फळांची बैलबंडी आणवली आणि कोपऱ्यावर ओतली. माश्या कमी पडू नयेत म्हणून वरून पाणी शिंपडलं. आणि सवयच ती, ढिगाच्या कडा खराट्याने सारख्या केल्या.

मंगळवारी वसंतराव नाक दाबून प्रसन्न झाले. "उत्तम! जिल्ह्यात अशी घाण नाही." आणि त्यांनी जागेवरच सुधारणेचा दाखला लिहून दिला.

"पण साहेब, सुधारणा तं व्हायची आहे!"

"दुसऱ्या पाहणीला प्रवासभत्ता मंजूर नाही. झाली असं समजा."

उर्मिलेने तसं समजून घेतलं. उद्या उचलू, परवा उचलू म्हणता म्हणता ती नागपूरला गेलीसुद्धा. साहेबाने पाहून पसंत केलेली जागा म्हणून गल्लीने सगळा कचरा तिथेच टाकायला सुरुवात केली. कलाबाईंचीही गावाबाहेरची पायपीट वाचली.

आता उर्मिला कधी घरी आली, की नाकाला रुमाल लावून ढिगाला वळसा घालते आणि म्हणते, "आपल्या लोकांना कधी अक्कल येणार?"

हसा, हसा. मागे पांढुर्ण्याला आलात तेव्हा भज्यांचा तेलकट कागद कुठे फेकलात, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे.