मेश्रामबाईंचं वेगळं कार्ड

एकच काम करणारी वस्तू आमच्या शेजारच्या मेश्रामबाईंच्या घरात टिकत नाही. त्यांच्या टॉर्चमध्ये रेडिओ वाजतो. दिवाणाच्या पोटात तांदूळ असतो. शिलाई मशीन झाकलं की त्याचं जेवणाचं टेबल होतं. दुकानात काहीही दाखवलं तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "हे आणखी काय करते?" काहीच करत नाही म्हटलं, की वर्गातल्या आळशी पोराकडे पाहावं तसं त्या त्या वस्तूकडे पाहतात.

पोरंही यातून सुटली नाहीत. बाई आमच्या घुग्घुसच्या शाळेत गणित शिकवायच्या. पुढे कवायतीचा तासही त्यांच्याकडे आला, तर त्यांनी दोन्ही तास एकच करून टाकले. मैदानाला चकरा मारत आम्ही पाढे म्हणायचो. आजही कोणी तेराचा पाढा विचारला तर मला आधी धाप लागते, उत्तर मागून येतं.

त्यांचे यजमान दादाजीभाऊ कोळशाच्या खाणीत डंपर चालवायचे. निवृत्त झाले आणि डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय बराचसा सुधारला, हात अर्धामुर्धा, बोलणं मात्र जवळजवळ थांबलंच. जिभेला काही झालेलं नाही, असं डॉक्टर सांगतात. कोणी घरी आलं की भाऊ उठून आतल्या खोलीत जातात.

तर या बाई भर उन्हाळ्यात माझ्याकडे आल्या. मी सिमेंट कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो, तेवढ्यावर कॉलनी मला इंजिनिअर समजते. मीही कधी ती समजूत खोडून काढलेली नाही.

"प्रमोद, मले गेमचा कॉम्प्युटर घ्याचा हाय."

"नातवासाठी का बाई?"

"तू चल त खरा."

चंद्रपूरच्या दुकानदाराने दोन वाटा सांगितल्या. एकीत प्रोसेसरच पडद्यावरचं चित्रही काढतो, वेगळं काही लागत नाही. दुसरीत चित्रासाठी स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड बसवायचं. ते दुसरं कुठलंच काम करत नाही. हे शेवटचं वाक्य बोलून त्या बिचाऱ्याने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

"एका घरच्या कामाले दोन गडी कायले?" बाई म्हणाल्या. "पयलंच दे भाऊ."

सोबत गाड्यांच्या गेमचं स्टिअरिंगही घेतलं. ते आणखी काय करतं, हे बाईंनी विचारलंच नाही. मला तिथंच शंका यायला हवी होती.

घुग्घुसमध्ये कोळशाची धूळ विचारून घरात येत नाही. म्हणून टीव्हीपासून मोटारसायकलपर्यंत सगळ्यांच्या अंगावर जुन्या साडीची झूल असते. बाईंनी कॉम्प्युटरलाही चारी बाजूंनी अंगाबरोबर शिवून घातली, वर चष्मा ठेवायला खिसा. कॉम्प्युटर तापला आणि बंद पडला. मी झूल उतरवली, श्वास घ्यायला जागा हवी म्हणून समजावलं. बाईंना ते इतकं पटलं की घरातला एकुलता एक कूलर त्यांनी कॉम्प्युटरकडे वळवला आणि स्वतः पदराने वारा घेत बसल्या.

काही दिवसांनी पुन्हा दारात. "प्रमोद, ते वेगळं कार्डच पायजे."

"काऊन जी बाई? एका घरच्या कामाले दोन गडी?" अशी संधी मला पुन्हा मिळणार नव्हती. मग मी ज्ञानही पाजळलं. आहे त्यात गेम चालतो, जरा अडकतो, चित्र किंचित मागून येतं, एवढंच. "नातू काई तक्रार नाई करणार."

बाई हसल्या नाहीत. "नातवानं त तो पाह्यलाबी नाई. हे चालवतेत. डंपरचा गेम लावून देल्ला मी. स्टिअरिंग फिरवते अन् चित्रातली गाडी उशिरा वळते. यायले वाटते, आपलाच हात उशिरा जाऊन राह्यला. दोन-चारदा पाह्यलं अन् हात मांडीवर ठेवून देल्ला. मशीन मंद हाय म्हणून मी सांगतलं, पण पटत नाई. मी नुसती समजूत काढून राह्यली वाटते त्यायले. हात कितीक उशिरा जाते, मले नाई ठावं. पण मशीनचा उशीर यायच्या नावावर नोको चढाले."

माझी इंजिनिअरकी तिथंच संपली. फार वाईट वाटलं. चंद्रपूरहून कार्ड आणून मी त्याच दिवशी बसवायला गेलो. भाऊ नेहमीप्रमाणे आत होते. कार्ड बसवून मी गेम सुरू केला.

"या जी," बाईंनी हाक मारली. "कोणी परका नाई. आपला प्रमोद हाय."

बऱ्याच वेळाने भाऊ आले आणि खुर्चीत बसले. माझ्याकडे पाहिलं नाही. पडद्यावर डोंगराचा रस्ता, मातीने भरलेला डंपर. उजवा हात स्टिअरिंगवर, डावा त्यांनी उचलून बाजूला ठेवला. चाक वळवलं. डंपर त्याच क्षणी वळला. खात्री करायला त्यांनी उलटं फिरवलं; डंपर तिकडे वळला. मग त्यांनी दोन्ही हात बदलून बदलून पाहिले. डावा थोडा मागे राहत होता. थोडाच. त्यांनी एक हॉर्न दिला आणि गाडी पुढे काढली.

बाई मागे उभ्या होत्या. खाणीत घरच्या माणसाला गाडीवर घेता येत नाही. सगळी नोकरीभर बाईंनी त्या डंपरची धूळ नवऱ्याच्या कपड्यांतून धुतली, पण आत पाय ठेवला नव्हता.

भाऊंनी मान न वळवता शेजारचं स्टूल पायाने पुढे ओढलं.

"बस," ते म्हणाले.

बाई बसल्या.

"नीट धर. घाट हाय."

बाईंनी टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.