संबंधितांची तक्रार नाही

लोकशाहीत नेता लोकांमधूनच यावा लागतो, आणि लोक ज्या घरात सगळ्यात जास्त जमतात त्याच घरातून तो यावा, हे ओघानंच आलं. या भागात तसं घर एकच. त्या घरातून आधी थोरले आले, मग थोरल्यांचे चिरंजीव मधले आले, आणि आता मधल्यांचे चिरंजीव धाकटे येण्याच्या बेतात होते. (घरात बायकाही होत्या. त्या स्वयंपाकघरातून येत, पण त्याला 'राजकारणात येणं' म्हणत नाहीत.)

या घराण्याच्या कार्यपद्धतीबद्दल विरोधकांनी नाही नाही ते उठवलं आहे. पैसे वाटतात म्हणे, धाक दाखवतात म्हणे. यात काडीचंही तथ्य नाही. हे घराणं फक्त सांत्वनाला जातं. थोरल्यांना ऐन तारुण्यातच असं आढळून आलं होतं, की जिवंत माणसाला आश्वासन दिलं की तो दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला दारात हजर होतो. गेलेला माणूस असा आगाऊपणा करत नाही. एवढ्या साध्या निरीक्षणावर त्यांनी पुढचं सगळं लोककार्य उभारलं. कुणी गेलं की थोरले त्या घरी जायचे, बराच वेळ मान खाली घालून गप्प बसायचे आणि मग हळूच म्हणायचे, "त्यांची शेवटची इच्छा मला ठाऊक आहे. ओढ्यावर पूल व्हावा. मी तो करणार. त्यांना शब्द दिलाय मी."

आता कधी दिला, कुठे दिला, हे रडत्या घरात कोण विचारणार? घरचे भारावून जायचे, शेजारी डोळे पुसायचे आणि मतदानाच्या दिवशी सगळे आठवणीनं यायचे. अशा प्रकारे दोन पिढ्यांत या भागासाठी एक पूल (वारंवार), दोन इस्पितळं, अनेक रस्ते, एक तलाव, आणि एकदा मधल्यांना फारच भरून आलं तेव्हा एक विमानतळ मंजूर करण्यात आला. संबंधितांकडून आजवर एकही तक्रार आलेली नाही.

धाकट्यांचं शिक्षण मात्र शहरात झालं होतं, म्हणजे वाया गेलं होतं. त्यांना दुःख करता येत नसे. लोकांचं दुःख ऐकताना ते मध्येच "ओके" म्हणत. त्यामुळे त्यांची शिकवणी आत्याकडे, म्हणजे मधल्यांच्या मोठ्या बहिणीकडे सोपवण्यात आली. दुपारचं जेवण झालं की आत्या दिवाणखान्यातल्या कोचावर आडवी व्हायची, डोक्यावरून चादर ओढून घ्यायची आणि "मी गेले रे" असं जाहीर करायची. मग धाकट्यांनी बाहेरून आत यायचं.

"अरे, मी गेलेय की तुझं पार्सल आलंय?" चादरीतून आवाज यायचा. "चेहरा पाड जरा. खांदे पाड. आणि घड्याळ कसलं बघतोस? मला कुठं गाडी पकडायचीय?"

"पण आत्या, बोलू काय?"

"काही बोलू नकोस. तीच तर खुबी आहे. तू गप्प बसलास की लोकांना वाटतं, याला आपल्यापेक्षा जास्त वाटतंय."

अभ्यासक्रम भरगच्च होता. चपला दारापासून लांब काढायच्या (लगबग दिसते). "काय झालं हो?" असं विचारायचं नाही (सांगत बसतात). पहिला चहा नको म्हणायचा, दुसरा आग्रहाखातर घ्यायचा, आणि अर्धाच प्यायचा. कधीकधी सराव चालू असताना आत्याला खरीच डुलकी लागायची आणि ती घोरायची. तेवढा भाग सोडला तर तयारी उत्तम चालली होती.

अडचण चुलतभावाची होती. तोही याच घरातला, त्यालाही यायचं होतं. शेवटी मधल्यांनी दोघांना समोर बसवलं. "खुर्ची एक आहे आणि गाढवं दोन," ते प्रेमानं म्हणाले. "निवडणुकीपर्यंत बघतो. जो सांत्वनाला आधी पोचेल तो उभा राहील. दुसऱ्यानं आपलं खताचं दुकान सांभाळायचं."

खताचं दुकान म्हटल्याबरोबर धाकट्यांना शिंक आली. कॉलेजात असताना एका सुट्टीत ते त्या दुकानात बसले होते. नाकाचा पार टोमॅटो झाला होता आणि अंगाचा वास जाता जात नव्हता. त्या सुट्टीनंतर एका मुलीनं त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. उरलेला जन्म त्या पोत्यांत काढायचा या कल्पनेनंच त्यांना दुसरी शिंक आली, आणि माणूस लोकसेवेकडे वळतो तो अशाच एखाद्या क्षणी.

स्पर्धेनं गुणवत्ता वाढते असं म्हणतात, आणि तशी ती वाढली. पूर्वी सांत्वन दुसऱ्या दिवशी होत असे. चुलतभावानं ते त्याच दिवशी संध्याकाळवर आणलं, धाकट्यांनी दुपारवर. चुलतभावानं ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरशी दोस्ती केली आणि तो ॲम्ब्युलन्समधूनच उतरू लागला. धाकट्यांनी डॉक्टरांचा कंपाउंडर धरला. एकदा तर ते इतके लवकर पोचले, की घरच्यांना बातमी त्यांनीच दिली आणि मग त्यांचं सांत्वनही केलं. यापुढे एकच टप्पा शिल्लक होता. बातमीच्याच पुढे जाणं.

तशी वेळ आली. "ओढ्यापलीकडच्या कंडक्टरकाकांचं काही खरं नाही," कंपाउंडरनं फोनवर सांगितलं. "आजचा दिवस निघाला तर नशीब." धाकट्यांनी क्षणभर विचार केला. काम पुढेमागे होणारच असेल तर ते आधीच उरकलेलं काय वाईट? यालाच प्रशासनात तत्परता म्हणतात. त्यांनी ओढ्यापर्यंत गाडी नेली आणि पुढे पाण्यातून चालत गेले.

कंडक्टरकाका रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांची बस जन्मभर ओढ्यापाशी येऊन थांबली, कारण पुढे जायला पूलच नव्हता. "ओढा! शेवटचा स्टॉप! चपला हातात घ्या!" ही त्यांची आरोळी शेवटच्या सीटपर्यंत पोचायची. आता ते खिडकीशी खाटेवर डोळे मिटून पडले होते. उशाशी औषधांच्या बाटल्या होत्या, भिंतीवर जुनी चामड्याची पिशवी लटकत होती, आणि सून कोपऱ्यात वाटीत गोळी कुस्करत होती. धाकट्यांनी चपला लांब काढल्या, चेहरा पाडला आणि खाटेशी येऊन बसले.

"अहो," सून गडबडून म्हणाली, "ते अजून..."

"मला कळतंय, वहिनी," धाकटे हळूच म्हणाले. "अशा वेळी मन मानतच नाही."

मग त्यांनी भरपूर मौन पाळलं आणि बोलायला सुरुवात केली. "काकांची शेवटची इच्छा मला ठाऊक आहे. ओढ्यावर पूल व्हावा. मी तो करणार. वर्षाच्या आत करणार." (वर्षाचं त्यांनी पदरचं घातलं. आत्यानं असलं काही शिकवलं नव्हतं.)

काकांनी एक डोळा उघडला. "नक्की?"

घराण्याच्या इतिहासात लाभार्थ्यानं तोंड उघडण्याची ही पहिलीच वेळ. चादरीखालून असा प्रश्न कधी आला नव्हता. धाकट्यांच्या तोंडातून निघून गेलं, "नक्की, काका."

"मग थांबतो," काका म्हणाले, आणि सुनेकडे वळून, "काहीतरी खायला दे गं. भूक लागलीय."

त्यानंतर काकांनी बरं व्हायचा सपाटाच लावला. आधी उठून बसले, मग अंगणात आले, मग रोज सकाळी चपला हातात घेऊन ओढा ओलांडू लागले आणि चहाच्या वेळेला थेट धाकट्यांच्या व्हरांड्यात. "काय, झालं का सुरू?" डॉक्टर म्हणाले, चालणं फार मानवलंय, थांबवू नका.

मधल्यांनी डोक्याला हात लावला. "जिवंत माणसाला शब्द दिलास? आणि वर मुदत?"

"बाबा, ते जाणारच होते हो."

"जाणारच होते म्हणे! तुझ्या आजोबांनी खात्री करून घेतल्याशिवाय कधी तोंड उघडलं नाही."

एका सकाळी धाकट्यांनी काकांची समजूत घालायचा प्रयत्न केला. "काका, पूल म्हणजे मोठं काम. वेळ लागतो."

"ते मी जाणतो रे," काका बशीत चहा ओतत म्हणाले. "माझा बाप गेला तेव्हा तुझ्या आजोबांनी हाच पूल दिला होता. माझी बायको गेली तेव्हा तुझ्या बापानं दिला. म्हणाला, वहिनींची शेवटची इच्छा होती. तिची शेवटची इच्छा होती, जरा खिडकी उघडा. मीच उघडली होती." आणि ते चहा पिऊ लागले.

 धाकट्यांना फार वाईट वाटलं, अगदी आतून. (आत्यानं हे दारातून पाहिलं आणि तिला कृतकृत्य वाटलं. खांदे बरोबर पडले होते.)

पुढे गोष्ट हाताबाहेर गेली. धाकट्यांनी शब्द दिला की माणूस उठून बसतो, ही बातमी घरोघर पोचली. औषधानं गुण आला नाही की लोक त्यांना बोलावू लागले. पिठाच्या गिरणीवाल्या मावशींनी तर सगळ्यांचा निरोपही घेतला होता. त्यांना इस्पितळ दिलं, तर दुसऱ्या दिवशी त्या गिरणीवर उभ्या राहून सुनेला शिव्या देत होत्या. कुणाला रस्ता लागू पडला, कुणाला नळ. एक दमेकरी आजोबा अर्ध्या तलावावर बरे झाले. भागातलं मरणाचं प्रमाण इतकं उतरलं, की आरोग्य खात्यानं स्वतःचंच जाहीर अभिनंदन केलं. चुलतभावाला सांत्वनाला कुणी उरलं नाही, तो कंटाळून आपण होऊनच खताच्या दुकानात जाऊन बसला, आणि उमेदवारी धाकट्यांच्या गळ्यात पडली.

पण रोज सकाळी व्हरांडा ठणठणीत लोकांनी भरू लागला. कुणाचा नळ, कुणाचा रस्ता, आणि सगळ्यांच्या पुढे काका. "रांगेत या, रांगेत! पुढे सरका!" असा त्यांचा आवाज घरभर घुमायचा. चहापत्ती पुरेना. निवडणूक तोंडावर आली होती, आणि भर सभेत एवढी माणसं "नक्की?" म्हणून उठली तर काय, या विचारानं धाकट्यांची झोप उडाली. डोळे मिटले की पोती दिसायची. पूल खरोखरच बांधून टाकावा, असंही एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं. पण तो कुठून बांधायला घेतात हे घरात कुणालाच सांगता येईना. मधले म्हणाले, "आपल्यात तशी पद्धत नाही."

त्या दुपारी आत्या सरावासाठी कोचावर पडली होती. धाकटे समोर बसले.

"आत्या, गेलेला माणूस तक्रार करत नाही ना?"

"मी केली का कधी?" चादरीतून उत्तर आलं.

"आणि एका वेळी किती माणसांचं सांत्वन करता येतं गं?"

आत्यानं चादर बाजूला केली आणि भाच्याकडे बघतच राहिली. "अगदी थोरल्यांवर गेलास रे," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. या खेपेला खरं.

शाळेच्या मैदानावर 'सार्वत्रिक आगाऊ श्रद्धांजली सभा' भरवण्यात आली. हेतू स्वच्छ होता. प्रत्येक मतदार कधी ना कधी जाणार. ऐनवेळच्या धावपळीत त्याला न्याय मिळत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याला स्वतःला ऐकायला मिळत नाही. तेव्हा सगळ्यांची श्रद्धांजली एकदम आणि हयातीतच. मंडप घातला, पांढरी फुलं आणली. स्वतःच्या श्रद्धांजलीला कोण जाणार नाही? घरांना कुलपं लावून लोक आले. मतदार यादी वरून खाली वाचण्यात आली, आणि प्रत्येक नावामागे एकेक शब्द होता. कष्टाळू. मायाळू. कुणाच्या अध्यात ना मध्यात. जन्मात जे कुणी म्हटलं नव्हतं ते माइकवरून ऐकून लोकांना हुंदके आवरेनात. "ऐकलंस? कष्टाळू म्हणाले मला," एक जण बायकोला म्हणाला. "तू म्हणालीस कधी?"

मग धाकटे उठले. मान खाली घालून इतका वेळ गप्प राहिले, की मंडपात रडण्याखेरीज आवाज नव्हता. "तुमच्या सगळ्यांची शेवटची इच्छा मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "पूल, इस्पितळ, रस्ते, नळ. मी करणार. तुम्हाला शब्द दिलाय मी."

"नक्की?" पुढच्या रांगेतून काकांचा आवाज आला आणि शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला.

शेजारी गिरणीवाल्या मावशी पदराला नाक पुसत होत्या. त्यांनी काकांची बाही ओढली. "अहो, बसा की खाली! इथं माणसं गेलीत आणि तुम्हाला पुलाचं पडलंय."

"कोण गेलंय?"

"कोण म्हणजे? आपणच की!"

काकांनी वळून पाहिलं. कालपर्यंत व्हरांड्यात रांगेला उभी असलेली सगळी माणसं डोळे मिटून, मान खाली घालून बसली होती. ते बसले नाहीत. ते मंडपाबाहेर पडले आणि घराकडे चालू लागले. ओढ्यापाशी आल्यावर सवयीनं ओरडले, "शेवटचा स्टॉप! चपला हातात घ्या!" मागे कुणीच नव्हतं. त्यांनी स्वतःच्या चपला हातात घेतल्या आणि पाण्यात पाय टाकला.

धाकटे प्रचंड मतांनी आले. व्हरांडा दुसऱ्या दिवसापासून रिकामा झाला. नळाबद्दल विचारायला जायचं तर लोकांनाच ओशाळं वाटे. एवढं छान बोलून झाल्यावर पुन्हा दारात उभं राहणं बरं दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, त्या भागातली माणसं भलतीच भोळी. असतीलही. पण जरा आठवून बघा. मागच्या खेपेला तुमच्याही दारात कुणीतरी हात जोडून उभं होतं. चपला लांब काढल्या होत्या, आवाज हळू होता, तुमच्याबद्दल त्यानं दोन चांगले शब्द काढले, आणि तुम्हाला काय हवंय ते तुमच्याआधी त्यालाच ठाऊक होतं. तुम्हाला भरून आलं. तुम्ही चहाही विचारलात. "नक्की?" असं विचारलंत का?

नाही ना? मग तुमचं नाव वाचून झालेलं आहे. काळजी नसावी, चांगलंच बोलले तुमच्याबद्दल. संबंधितांकडून अद्याप एकही तक्रार आलेली नाही.