शेवट सांगून टाकणारे मुन्शीजी

मुन्शीजींच्या हातात कोणतंही पुस्तक दिलं की ते मागून उघडायचे. उभ्याउभ्याच शेवटचं पान वाचायचे, मान हलवायचे आणि कुणी विचारायच्या आत सांगून टाकायचे, "अखेर ठीक हाय. बेफिकीर वाचा."

औरंगपुऱ्यात दर रविवारी सकाळी आमचं वाचक मंडळ भरे. दहाबारा माणसं, एक सतरंजी आणि मधे पुस्तकांचा ढीग. आपण काय वाचलं ते सांगायचं आणि पुस्तक दुसऱ्याच्या हातात द्यायचं, एवढाच कारभार. मुन्शीजींचं खरं नाव गणपतराव. मूळचे पाचोडचे. त्यांची सगळी शाळा निजामाच्या अमलात, उर्दूतून झालेली. पोलीस अ‍ॅक्शननंतर तहसिलीत चिकटले आणि तिथं मराठी वाचनाची गोडी लागली, पण हाताचं वळण गेलं नाही. उर्दू पुस्तक आपल्या शेवटच्या पानाच्या बाजूनं सुरू होतं, तिकडूनच त्यांचा अंगठा शिरायचा. त्यात कचेरीची सवय. "मिसल, म्हंजे कचेरीतली फाईल, कितीबी जाड असू द्या वहिनी, फैसला शेवटल्या पानावर. बाकी सगळी गवाही."

वाचून झालं की शेवटच्या कोऱ्या पानावर ते पेन्सिलीनं एक ओळ लिहीत. 'पोरगी जगते.' 'म्हातारा जातो, पण समाधानानं.' 'लग्न होतं. व्हायला नको होतं.'

देशमुख सरांना रहस्यकथांचा नाद. एकदा त्यांनी नवी कोरी रहस्यकथा पिशवीतून काढली, मुन्शीजींनी सहज हातात घेतली आणि चहा यायच्या आत म्हणाले, "डॉक्टरनंच मारलं की ओ!"

"मुन्शीजी! दोन महिने वाट बघत होतो मी या पुस्तकाची!"

"मग आता आरामात वाचा सर. कुणावर शक घ्यायचं काम उरलं नाय."

सरांनी तिथल्या तिथं ठराव मांडला की मुन्शीजींनी पुस्तक पुढूनच उघडावं. ठराव एकमतानं मंजूर झाला. मुन्शीजींनीसुद्धा हात वर केला होता. पुढच्या रविवारी त्यांचा अंगठा पुन्हा मागच्या बाजूला.

मीही ठरावाच्या बाजूनंच होते. मला शेवट आधी कळलेला मुळीच चालत नसे.

त्या वर्षी माझे यजमान आजारी पडले. दवाखान्यात त्यांना मी मंडळातली एक जाड कादंबरी वाचून दाखवत असे. एक मेंढपाळ आपल्या हरवलेल्या भावाला शोधत गावोगाव फिरतो, अशी गोष्ट होती. रोज दुपारी दहाबारा पानं. एका दुपारी त्यांनी विचारलं, "भाऊ सापडतो का गं त्याला?"

"उद्या वाचू की," मी म्हणाले. "घाई कशाला?"

चाळीस पानं उरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

वर्षभर मी ते पुस्तक उघडलं नाही, परतही केलं नाही. माणूस गेल्याचं दुःख समजण्यासारखं असतं. पण त्या चाळीस पानांचं काय करावं, ते मला समजत नव्हतं. मंडळात पुन्हा जायला लागले आणि एका रविवारी बोलायची पाळी माझ्यावर आली. मी पुस्तक पुढ्यात ठेवलं आणि खरं तेच सांगितलं. "शेवट न कळताच हे गेले. मी उद्यावर ढकललं."

मुन्शीजींनी त्या दिवशी पुस्तकाला हातही लावला नाही.

उठताना ते दारात चपला शोधत रेंगाळले. त्यांच्या चपला समोरच होत्या.

"वहिनी, माझ्याकडनं एक कसूर झाली," ते म्हणाले. "वर्ष झालं, सांगायला तोंड झालं नाय. तुम्ही डबा आणायला घरी गेल्या होत्या, ती शेवटची संध्याकाळ. मी बसलो होतो त्यांच्यापाशी. त्यांनी इचारलं, मी सांगून टाकलं. पार शेवटापर्यंत."

मी चपला घालायची थांबले.

"आमच्या कारभारणीला वाचायला येत नव्हतं," ते चपलेकडं बघत म्हणाले. "मीच वाचून दाखवायचो. ती इचारायची, पुढं काय? मी म्हणायचो, थांब जरा. ती थांबली नाय, गेली. तवापासून कुणाला थांब म्हणवत नाय मला."

"आणि हे? काय म्हणाले?"

"हसले. लई दिवसांनी हसले. म्हणाले, तिला शेवट कळू देऊ नका मुन्शीजी, ती मन लावून वाचतेय."

वर्षभर छातीवर ठेवलेलं काहीतरी कुणी अलगद उचलून बाजूला ठेवावं, तसं झालं. डोळे पुसून मी विचारलं, "सापडतो का हो भाऊ?"

"नाय सांगणार," मुन्शीजी म्हणाले. "जबान दिलीय त्यांना."

दुपारी मी खुणेचं पान उघडलं आणि चाळीस पानं वाचून काढली, मोठ्यानं. शेवटचं कोरं पान आलं. त्यावरची मुन्शीजींची पेन्सिलीची ओळ रबरानं नीट पुसलेली होती, बहुधा त्या संध्याकाळीच; ठसा तेवढा उरला होता.

मी पेन्सिल घेतली आणि ती पुन्हा लिहिली.