माइक बंद करून म्हणायचं वाक्य

चंद्रपूरजवळच्या मूल गावच्या बसस्थानकावर गाड्यांची घोषणा शमुवेलभाऊ करायचे, आणि ती ऐकून गाडीत बसलेली माणसं खाली उतरायची.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. प्रभूची इच्छा असल्यास चंद्रपूरची गाडी पाच वाजता फलाट दोनवरून सुटेल."

एकदा एक म्हातारी पिशवीसकट उतरून थेट त्यांच्या खिडकीशी गेली. "काऊन जी, बिरेक नाई का गाडीले?"

"बिरेक हाये बाई. पन पाच मिनिटानंतरचं आपल्याले काय माहीत?"

म्हातारी त्या गाडीत पुन्हा चढली नाही. तक्रार वर गेली. साहेबांनी बोलावून समज दिली की गाडी वेळापत्रकाच्या इच्छेनं सुटते. शमुवेलभाऊंनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून तोड काढली. माइक बंद ठेवून ते वाक्य म्हणायचं, मग माइक सुरू करून उरलेलं. काचेमागे त्यांचे ओठ हलले की नेहमीचे प्रवासी पिशव्या उचलायचे.

मी मूलच्या कॉलेजात शिकवतो, चंद्रपूरहून ये-जा करतो. देवाशी माझं फारसं जाणं-येणं नाही, पण गाडीची वाट पाहताना शमुवेलभाऊंशी झालं. ते मला घरीही न्यायचे. तिथे मार्थाबाईंनी नुसतं "उद्या भाजी कोनती करू?" असं विचारलं तरी उत्तर यायचं, "प्रभूची इच्छा असली तं वांगे."

"त्याले काऊन मधात घेता? वांगे तं मलेच आना लागते," मार्थाबाई म्हणायच्या.

घरातल्या कॅलेंडरवर पुढचं सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं असे. पेन फक्त होऊन गेलेल्या गोष्टींना. यात नम्रता होती, हे मी मान्य करतो. पण त्याच कॅलेंडरवर मुख्य बेताखाली दोन पर्यायी बेत असत आणि खोडरबराची दर महिन्याला झीज होई. भाऊ आपली योजना देवाच्या हाती सोपवत, आणि मग त्याला ती नीट वाचता येते आहे ना, हे डोकावून पाहत.

ऑगस्टअखेर ते निवृत्त व्हायचे होते. त्या दिवसाचा बेत मला महिनाभर आधी तोंडपाठ झाला होता. त्यांची एकुलती एक लेक रूथ एटापल्लीकडे एका आरोग्य उपकेंद्रात नर्स. ती साडेतीनच्या एटापल्ली गाडीनं येणार. त्या गाडीची घोषणा भाऊंची नोकरीतली शेवटची घोषणा, आणि रूथनं ती गाडीत बसून ऐकायची. "तिनं माहा आवाज भोंग्यातून कधी ऐकलाच नाई, सर."

दुपारी निरोप समारंभ झाला. "नक्की येतो" म्हणालेले प्रमुख पाहुणे आले नाहीत. "नक्की म्हनले तवाच समजलं होतं मले," भाऊ म्हणाले. शाल, नारळ आणि त्यांचं नाव चुकवणारी तीन भाषणं उरकली. साडेतीन वाजले. गाडी आली नाही.

चार वाजता कळलं की आलापल्लीच्या पुढे नाल्याचं पाणी पुलावरून वाहतं आहे. रूथचा फोन लागत नव्हता. त्या जंगलात रेंज नसतेच. साडेचारला कुणी म्हणालं, पाणी उतरलं. दुसरं म्हणालं, एक गाडी वाहून गेली. कोणती, ते त्याला सांगता येईना. भाऊ शालीचं टोक बोटाला गुंडाळत होते, सोडत होते. मधल्या गाड्यांच्या घोषणा त्यांनी केल्या, पण काचेमागे ओठ हलले नाहीत. माइक सुरू करायचे आणि थेट गाडीचं नाव.

मी आत जाऊन हळूच विचारलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज म्हनवत नाई, सर. रोज म्हनत होतो तवा मले काई पायजेच नोतं. आज म्हनलं आन् त्याची इच्छा दुसरीच असली तं?"

मी त्यांचा फोन उचलून रूथचा नंबर पुन्हा लावला. लागला नाही.

पावणेसहाला चिखलानं माखलेली एटापल्ली गाडी आत शिरली. भाऊ घोषणा करायची विसरून धावत सुटले. माणसं उतरत गेली. रूथ उतरली नाही.

ड्रायव्हर लगबगीनं खाली आला. "भिऊ नका, भाऊ. पोरगी बरी हाये. नाल्यापाशी थांबलो होतो तं जंगलातल्या चार घराच्या टोल्यावरचा एक मानूस पळत आला. बायकोले कळा सुटल्या, आन् दवाखान्याची गाडी पान्यानं अलीकडं अडकली. रूथबाई उतरल्या त्याच्यासंगं. पानी उतरलं तरी आल्या नाई. म्हने, बाबाले सांगा, वाट नको पाहू."

भाऊ पायरीवर बसले.

"पयलंच बाळंतपन हाये का तिचं?"

"पयलंच."

"नाव काय बाईचं?"

"ते नाई विचारलं, भाऊ."

त्यांनी फोन काढून घरी लावला. "मार्था, पोरगी सुखरूप हाये, पन आज येत नाई. नाल्याकाठी एक बाई अडली हाये, तिच्यापाशी थांबली. ते मोकळी होत नाई तोवर आपन जेवाचं नाई. तू प्रार्थनेले बस, मी येऊनच राह्यलो." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. भाऊंनी शालीनं तोंड पुसलं.

"नाव नाई माहीत. नाल्यापलीकडची म्हन. त्याले समजते."