शेषरावभाऊंचा फुल बाहीचा शर्ट

आमच्या गावात शेषरावभाऊ भेटले तर ते आधी तुमच्या तोंडाकडे बघत नाहीत, तुमच्या बाह्यांकडे बघतात. रामराम त्यानंतर. बाही मनगटापर्यंत आलेली दिसली की कपाळाला आठी पडते आणि "वर करा" असा हुकूम सुटतो. समोर पाव्हणा आहे, तलाठी आहे की लग्नातला नवरदेव, याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नसतं. गेल्या उन्हाळ्यात पाटलांच्या पुण्याच्या जावयाला त्यांनी मांडवाच्या दारातच अडवलं, त्याच्या कोटाची बाही दोनदा दुमडली आणि म्हणाले, "हां, आता जा." जावयाला बिचाऱ्याला वाटलं, इकडची काही रीत असेल. त्यानं मुकाट्यानं दुसरी बाही पुढे केली.

मी शब्बीर टेलर. रिसोडहून जीपनं आमच्या गावात उतरलात की समोर जे पत्र्याचं दुकान दिसतं ते माझं. सगळे मला मास्टर म्हणतात. आता तुम्हीच सांगा, ज्याचं पोट बाह्यांवर चालतं त्याच्या दुकानात असा माणूस रोज येऊन बसला तर काय होईल? दसरा तोंडावर आला, सोयाबीन पिवळं पडलं, की शेषरावभाऊ माझ्या शिलाई मशीनशेजारचा स्टूल धरतात. मी गिऱ्हाइकाच्या खांद्याला टेप लावला की तिकडून आवाज येतो, "हाफ." गिऱ्हाईक म्हणतं, मला फुल पाहिजे. हे म्हणतात, सोयाबीन निघू दे, मंग शिव फुल. शाळेच्या शिपायानं एकदा हात जोडून सांगितलं की भाऊ, मी वावरात जात नाही, शाळेत घंटी वाजवतो. तर हे विचारतात, घंटी इजेवर चालते का दोरीनं? त्या शिपायानं शेवटी हाफ बाही शिवून घेतली आणि हिवाळाभर माझ्या नावानं खडे फोडले.

शेषरावभाऊंना उजवा हात नाही. कोपराच्या खाली थोडा उरलाय, तेवढाच. हाफ बाहीच्या शर्टातून तो ठूठ बाहेर काढून ते गावभर फिरतात, आणि नवीन माणूस बघायला लाजला तर म्हणतात, "पाहा न, पाहायचे पैसे नाई."

काय झालं ते सांगतो. सोयाबीन काढायच्या मळणी यंत्राला आमच्याकडे हडंबा म्हणतात. ट्रॅक्टरच्या जोरावर तो चालतो. त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, माल थोडा ओला होता, आणि हडंब्याच्या तोंडाशी गोळा अडकला. अशा वेळी आधी ट्रॅक्टर बंद करायचा असतो. पण कोणी करत नाही. बंद करा, गोळा काढा, पुन्हा चालू करा, तेवढ्यात पाऊस गाठेल असं वाटतं, आणि माणूस हातानंच ढकलतो. आमच्या भागात सगळे असंच करतात, आजही करतात. शेषरावभाऊंनीही तेच केलं. ट्रॅक्टरवर त्यांचा धाकटा भाऊ दिगंबर बसला होता. इंजिन दबलं तशी त्यानं रेस दिली. बाही आत ओढली गेली, बाहीमागून हात गेला. तो शर्ट रेडिमेड होता, माझ्याकडचा नव्हता. हे शेषरावभाऊ मला अधूनमधून आठवणीनं सांगतात, मी विचारलेलं नसताना.

दिगूचा यात काय दोष? मशीन दबलं की रेस द्यायची, हे त्याला शेषरावभाऊंनीच शिकवलं होतं. मायबाप लवकर गेले. या भावानं त्याला खांद्यावर घेऊन वाढवलं, ट्रॅक्टर शिकवला, सगळं शिकवलं. पण माणसाच्या मनाला हे पटवायचं कसं? शेषरावभाऊ अकोल्याच्या दवाखान्यातून घरी आले तेव्हा दिगू ओट्याच्या कोपऱ्यात बसला होता. तो वर बघेना, जेवेना. काही दिवसांनी एक पिशवी घेऊन पुण्याकडे कुठल्या कंपनीत निघून गेला, तो गेलाच. पोळा नाही, दिवाळी नाही. फोन करायचा, पण फक्त शेषरावभाऊंच्या बायकोला, कमलवैनींना. चुकून भावानं उचलला की फोन कट.

इकडे शेषरावभाऊंनी खाटेवर पडून भिंतीकडे तोंड केलं होतं. मी भेटायला गेलो तर त्यांनी अंगावरची चादर गळ्यापर्यंत ओढली. आज ठूठ मिरवणारा हा माणूस तेव्हा बायकोलाही तो दाखवत नव्हता. वैनी घास भरवायच्या, हे भिंतीकडे बघत चावायचे. दाढी वाढली, बोलणं बंद झालं. आम्ही सगळ्यांनी मनातून आशा सोडली होती.

मग एक दिवस दिगूनं फोनवर वैनींना विचारलं, दादा जेवते कसा? वैनी सरळ बाई. सांगून मोकळ्या झाल्या की मीच भरवते. तिकडून नुसतं रडणं ऐकू येत राहिलं. संध्याकाळी घास भरवताना वैनींनी ते नवऱ्याला सांगितलं. शेषरावभाऊ खाटेवर उठून बसले. ताट ओढलं. डाव्या हातानं वरणभात कालवला, निम्मा अंगावर सांडला, पण संपवला. मग म्हणाले, "त्याले सांग, म्या माह्या हातानं जेवलो."

तिथून या माणसाला जे वेड लागलं ते लागलं. डाव्या हातानं सही शिकले. धोतर सोडून पँट घालायला लागले आणि तिचं बटण एका हातानं लावायला शिकले. गाय दोहायला लागले. गाईनं पहिल्यांदा लाथ मारली, नंतर तीही सवयीची झाली. मोपेडची रेस मेकॅनिककडून डाव्या बाजूला बसवून घेतली. ती गाडी दुसऱ्या कोणाला चालवता येत नाही. चोरानं नेली तर पहिल्या वळणावर नालीत जाईल. पंगतीत डाव्या हातानं जेवताना शेजारचा टकमक बघायला लागला की हे मोठ्यांदा म्हणतात, "उजवा सुटीवर हाय."

आणि प्रत्येक गोष्टीचा व्हिडिओ! मोबाईल माझ्या हातात द्यायचा, "मास्टर, काढा." एकदा माझ्या दुकानात सुई कापडाच्या गठ्ठ्यात खोचून ते दोरा ओवायला बसले. मी तीन-चार गिऱ्हाइकं काढली तरी यांचा दोरा बाहेरच. मी म्हटलं, द्या इकडे. तर माझ्यावरच डोळे वटारले. शेवटी दोरा गेला तेव्हा त्यांनी असा श्वास सोडला की माझे कातरलेले तुकडे उडाले. मला आधी वाटायचं, बढाईखोर माणूस आहे, गावभर पाठवत असेल. एकदा पाहिलं तर सगळे व्हिडिओ एकाच नंबरवर जात होते. एकेका व्हिडिओखाली निळ्या टिका होत्या, म्हणजे दिगू ते बघत होता. उत्तर एकाचंही नव्हतं.

त्यांना बाकी काही नको होतं. दिगूनं घरी यावं, एवढंच.

वावरातलं त्यांचं काम तुम्हाला गावात कोणीही सांगेल. हंगामात मोपेडवर या हडंब्यावरून त्या हडंब्यावर. मजुरांच्या बाह्या दुमडायच्या, बायांना पदर खोचायला लावायचा, गळ्यातला दुपट्टा काढून घ्यायचा. खिशात माझ्याकडूनच नेलेली कैची असते. कोणी ऐकलं नाही तर बाही तिथल्या तिथं कापतात आणि त्या माणसाला शिवायला माझ्याकडे पाठवतात. बाभळीच्या लाकडाची लांब दांडकी तासून ठेवलीत, अडकलेला गोळा ढकलायला प्रत्येक हडंब्यावर एक देतात. लोक त्याला शेषरावचा हात म्हणतात. त्यांना राग येत नाही. पण दांडकं वापरायच्या आधी ट्रॅक्टर बंद झाला पाहिजे, हा त्यांचा कायदा. "आधी बंद" हा शब्द तोंडात इतका बसलाय की शेजारचे नवराबायको भांडत होते तर हे दारात उभे राहून म्हणाले, "आधी बंद." ती दोघं खरंच गप्प झाली.

एकदा एका मोठ्या कास्तकाराच्या वावरात आभाळ दाटून आलं, आणि हे जाऊन हडंब्याच्या तोंडापुढेच बसले. सगळ्यांच्या बाह्या वर होईतो उठणार नाही म्हणाले. मालक तापला. माल भिजून राह्यला, दिसत नाही का, म्हणून ओरडला, नको ते बोलला. शेषरावभाऊ बसल्या जागेवरून शांतपणे म्हणाले, "सोयाबीन पुढच्या साली पेरता येते मालक. हात पेरता येत नाई." मालकानं पहिल्यांदा त्यांच्या ठूठाकडे नीट बघितलं असावं. त्यानं आधी स्वतःच्या बाह्या वर केल्या.

असा हा माणूस. पण दर सणाला जीपच्या थांब्यावर जाऊन उभा राहायचा. कोणाची वाट बघता, असं विचारलं तर म्हणायचा, हवा खाऊन राह्यलो.

यंदा पोळा झाला आणि दिगू आला नाही. दुसऱ्या दिवशी शेषरावभाऊ दुकानात आले ते सीताफळ घेऊन. एका हातानं सीताफळ कसं फोडायचं, याचा व्हिडिओ काढा म्हणाले. माझं डोकंच फिरलं. मी मशीन थांबवलं आणि म्हटलं, "भाऊ, रागावू नका. तुमाले समदं जमते, समदं जमते, हेच तुमी त्याले दाखवून राह्यले. मंग त्यानं इथं येऊन करावं काय?"

ते चहा अर्धा ठेवून उठले. सीताफळ स्टुलावर तसंच राहिलं. पुढचे काही दिवस ते फिरकलेच नाहीत, आणि मला रात्रंदिवस वाटत राहिलं की आपण उगाच बोललो.

मग एका दुपारी आले. दुकानात कोणी नाही असं पाहून मोबाईल माझ्या हातात दिला. समोर उभे राहिले, घसा खाकरला.

"दिगू," ते म्हणाले, "मले नाई जमत बे. ये."

एवढंच. पाठवा म्हणाले. मी पाठवला. टिका निळ्या झाल्या का ते बघू नका, असंही म्हणाले, आणि मान फिरवून रस्त्याकडे बघत बसले.

त्या संध्याकाळी कमलवैनी स्वतः दुकानात आल्या. दिगूचा फोन आला होता. दसऱ्याला येतो म्हणाला. सांगताना त्यांना हसू आवरेना आणि डोळ्यातलं पाणीही.

दुसऱ्या दिवशी शेषरावभाऊ कापड घेऊन हजर. पांढरं, चांगल्यापैकी. मी हाफ बाही म्हणून लिहायला लागलो तर म्हणाले, फुल. मला वाटलं चेष्टा करताहेत. "उजवी लांब ठेवा मास्टर," ते म्हणाले, "बोटं झाकतील एवढी." बोललेलं त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. मी वहीत हाफ खोडून फुल लिहिलं.

मी विचारलं, "तुमी तर अख्ख्या गावाले दाखवत फिरता न?"

"गावाले दाखवतो," ते म्हणाले. "त्याले नाई दाखवायचा."

मी त्या बाहीत कडक बकरम घातला, रिकामी बाही लोंबू नये म्हणून. कफही जाड केला. इतक्या वर्षांत इतका जीव लावून मी एकही शर्ट शिवला नाही, माझ्या निकाहाचाही नाही.

दसऱ्याला दुपार कलल्यावर दिगू उतरला. केस विरळ झाले होते, पिशवी मात्र तशीच एक. शेषरावभाऊंनी मला मुद्दाम बोलावलं होतं. एकट्यानं भेटायची त्यांची हिंमत होत नव्हती, असं मला वाटतं. दिगू भावाच्या पाया पडला. यांनी डाव्या हातानं त्याला सोनं दिलं. मग दोघं ओट्यावर बसले आणि बोलणं काही सुचेना. जीपला गर्दी होती का? होती. पाऊस कसा काय तिकडे? बरा आहे. ती उजवी बाही मांडीवर सरळ पडून होती, अगदी भरल्या हातासारखी. शेषरावभाऊ घटकेघटकेला ती डाव्या हातानं नीट करत होते.

दिगूनं तिकडे एकदाही बघितलं नाही. तो दुसऱ्याच हाताकडे बघत होता. मग हळूच त्यानं तो हात आपल्या हातात घेतला, बोटं उलटसुलट करून पाहिली. "दादा," तो म्हणाला, "याची नखं कोन कापते?"

खरंच की! दोन हात असले तर एकानं दुसऱ्याची कापता येतात. एकच असेल तर त्याची कोण कापणार? शेषरावभाऊंना सगळं जमत होतं, हे तेवढं जमत नव्हतं. इतकी वर्षं रोज माझ्याशेजारी बसणाऱ्या माणसाचं हे माझ्या कधी ध्यानात आलं नाही. आम्ही सगळे बघायचो ते ठूठाकडे.

"कापते तुही वैनी," शेषरावभाऊ दबत्या आवाजात म्हणाले. "कधी कधी राह्यतात."

दिगूनं आतून ब्लेड मागितलं. वैनी दारात आल्या, सणाच्या दिवशी, ते बी दिवे लावायच्या वक्ताला नखं कापत असतात का, असं म्हणाल्या. पण दिगूचं तोंड बघितलं, आत गेल्या, ब्लेड आणून दिलं आणि ओट्यावरचा दिवाही लावला, नीट दिसावं म्हणून.

दिगूनं मांडी घातली. भावाचा हात आपल्या गुडघ्यावर ठेवला आणि करंगळीपासून सुरुवात केली. चार बोटं झाली, अंगठ्याशी आल्यावर ब्लेड कातडीला टेकलं. शेषरावभाऊ बघत होते.

"हळू काप बे," शेषरावभाऊ म्हणाले. "एकच हाय."

दिगूचा हात थांबला. मान खाली होती, खांदे हलत होते. आधी मला वाटलं हसतोय, आणि हसतच होता, पण मग त्याचं कपाळ त्या हातावर टेकलं आणि तो लहान पोरासारखा हमसून हमसून रडायला लागला. शेषरावभाऊंनी हात काढून घेतला नाही, भावाला उगी उगीही केलं नाही. त्याचं रडणं ओसरेपर्यंत तसेच बसून राहिले.

मग म्हणाले, "काप, अंगठा राह्यला."