विचारून नेलेली कट्यार

चाकणच्या कंपनीत क्वालिटीला असलेल्या रोहिदासला एका गोष्टीचा भारी अभिमान होता. तपासल्याशिवाय त्याच्या हातून काही बाहेर जात नसे. हा नियम तो निघोजे गावातल्या आपल्या घरीही चालवायचा आणि घरचे बिचारे सोसायचे. त्यामुळे सार्थकच्या, म्हणजे पोराच्या, हळदीला रोहिदासच्या आईने पेटीतून कट्यार काढली तेव्हा त्याच्या कपाळाला आठी पडली.

घराण्यातला प्रत्येक नवरदेव टोकाला लिंबू टोचलेली हीच कट्यार धरून बोहल्यावर चढला होता. तिला दोन्ही बाजूंनी धार होती, म्हणजे एके काळी होती. आता तिने लोणीही कापलं नसतं. पण लग्नाचं कार्यालय पिंपळे सौदागरला, वाटेत नाकाबंदी, आणि दुधारी पात्याला परवाना लागतो असं कुणीतरी म्हणालेलं.

"चौकीत विचारून येतो," रोहिदास म्हणाला.

"अहो, गावातला एक तरी बाप कट्यारीचं विचारायला चौकीत गेलाय का?" त्याची बायको जयमाला म्हणाली.

"म्हणूनच. एकदा पास करून घेतली की डोक्याला ताप नाही."

चौकीत हवालदार नवनाथ एकटेच होते. त्यांनी कट्यार उलटीसुलटी करून पाहिली.

"घरगुती वापराची असेल तर चालतं म्हणतात."

"घरात नाही वापरत. लग्नातच."

"म्हणजे मिरवायची. मग लांबी बघावी लागेल."

रोहिदासने खिशातून स्टीलची पट्टी काढली. "कुठून मोजू? मुठीसकट, की नुसतं पातं?"

हे नवनाथांना ठाऊक नव्हतं. त्यांनी विषय बदलला. "कापते का?"

"लिंबूसुद्धा नाही. नुसती टोचते."

"टोचते?" नवनाथ सावध झाले.

"टोकाला लिंबू लावल्यावर नाही टोचत. मग नेऊ?"

"तसं मी म्हणालो नाही." नवनाथांनी सुस्कारा सोडला. "राव, तुम्ही विचारलंच नसतं तर मला काही माहीत नव्हतं. आता झालं. साहेब बंदोबस्ताहून येईपर्यंत राहू द्या इथंच."

साहेब परवा येणार होते आणि लग्न उद्या होतं.

घरी आईने, छबूबाईने, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी नवरदेव निघायच्या वेळी तिने उंबऱ्यात पाट टाकला आणि त्यावर बसली.

"कट्यारीबिगर माजा नातू उंबरा वलांडायचा न्हाई."

सार्थकने गाडीतल्या स्क्रूड्रायव्हरला लिंबू टोचून दाखवलं. म्हातारीने तिकडे बघितलंसुद्धा नाही. बाहेर वऱ्हाडाची बस हॉर्न देत होती, मुहूर्त जवळ येत होता. एखादी वस्तू न तपासता गेली असती तर बरं झालं असतं, असं रोहिदासला जन्मात पहिल्यांदा वाटलं. रडवेल्या तोंडाने तो चौकीकडे पळाला.

"सोडता तर येत नाही," नवनाथ म्हणाले. "पण मीच घेऊन आलो, तर ती माझ्याच ताब्यात राहते. चला."

मग सार्थकने कट्यारीची मूठ धरली आणि वर्दीतल्या नवनाथांनी सार्थकचं मनगट. छबूबाईने लिंबू नीट बसलंय का ते बघितलं आणि पाट उचलला. नाकाबंदीवरच्या शिपायाने बसमध्ये डोकावून नवनाथांना सॅल्यूट ठोकला. कट्यारीकडे त्याचं लक्षही गेलं नाही.

कार्यालयात फोटोवाल्याने खूप खटपट केली, पण प्रत्येक फोटोत नवरदेव अटकेत दिसत होता. नवरीचे आजोबा कोंडाजी हळूच रोहिदासच्या कानाशी आले.

"पाव्हणं, पोरानं केलंय तरी काय? अक्षता पडायच्या आत सांगा."

"त्यानं काही नाही केलं, आबा. मी केलंय. विचारायला गेलो होतो."

कोंडाजींना यातलं काही कळलं नाही, पण अक्षता वेळेवर पडल्या आणि रोहिदासचा जीव भांड्यात पडला.

जेवणं झाल्यावर नवनाथांनी कट्यार गुपचूप रोहिदासच्या पिशवीत सरकवली. तरी ते जाईनात. जिलबीचे हात रुमालाला पुसत तिथेच घुटमळले.

"रोहिदासराव, पुढच्या महिन्यात माझ्या पोराचं लग्न आहे. आमच्याही घरी अशीच कट्यार आहे, दुधारी. कुणाला विचारू?"

रोहिदासने आधी मागे-पुढे बघून घेतलं.

"कुणालाच नका विचारू," तो म्हणाला.