कडूबाईचा सहभाग

"दोन वर्षांत एक काडी वाळली न्हाई आपल्या गायरानात!" असं सरपंच अमरसिंह पाटोद्याच्या बाजारापर्यंत छाती फुगवून सांगत सुटले होते. खरं तर सरकारी योजनेत लावलेल्या पाचशे रोपांतलं एकही जगलं नव्हतं. पण त्या मेलेल्या रोपांसाठी घातलेली चराईबंदी मात्र ठणठणीत होती! कडूबाई दोन वर्षं बारा शेळ्या घेऊन डोंगरापलीकडे पायपीट करत होती. बंदी आणखी वाढली, तर शेळ्या विकण्यावाचून तिला गत नव्हती.

आता तपासणीला शहरातून ऋतुजा मॅडम येणार होत्या. योजनेनं झाडांचं आणि बायकांचं काय भलं केलं, हे बघायला. अमरसिंहांनी सकाळीच लिंबाच्या फांद्या तोडून खड्ड्यांत रोवल्या. झाडं झाली. राहिल्या बायका!

"ए कडूबाई, शेळ्या कोंड आन् हंडा घेऊन ये. तुझा सहभाग हाय!"

"बंदी घालताना कावून न्हाई बोलवलं? तवा न्हवता का सहभाग?"

"लई बोलू नको. योजना चांगली हाय म्हणायचं, झालं!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण गावात राहायचं होतं. गेली.

मॅडमनी नेमकं तिलाच पुढे बोलावलं. "जरा मोठ्यानं बोला हं, मावशी."

"योजना लई चांगली हाय!" कडूबाई ओरडली. आयुष्यभर शेळ्या हाकून कमावलेला आवाज तो! कोंडलेल्या उपाशी शेळ्यांनी तो ऐकला आणि कुडाचं दार पाडून बाराच्या बारा गायरानात हजर! पहिलीनं पाला ओढला, तर अख्खं झाडच तिच्या तोंडात आलं.

"कोवळी हायत, मॅडम! मुळं फुटायचीत अजून!" अमरसिंह धावले.

"दोन वर्षांत?" मॅडमनी विचारलं.

मग मात्र कडूबाईचा बांध फुटला. "कसली मुळं? सकाळी रोवल्यात! झाडांच्या नावानं माझं रान बंद केलं, आन् उभ्या लिंबाच्या फांद्या तोडून हितं खोवल्या! चालून चालून पायाची सालटी निघाली माझ्या. ते लिवा, बाई!"

मॅडमनी शब्दन्‌शब्द लिहून घेतला. कडूबाईला वाटलं, सुटले एकदाची.

महिन्याभरानं अमरसिंह स्वतः तिच्या दारात आले. चक्क हसत!

"कडूताई, वरून पत्र आलंय. योजना फसली, कारण बायकांना विचारलं न्हाई म्हणं. म्हणून तुमाला वनसमितीचं अध्यक्ष केलंय!"

"म्हंजी बंदी उठली?"

"उठंल कशी? नवी पाचशे रोपं यायलीत. पाणी तुमी घालायचं. पगार न्हाई, मान हाय! आन् शेळ्या आत शिरल्या, तर दंड बी अध्यक्षालाच."